'म्हणे' हा शब्द गाळू नका : अकरा मारुती आणि समर्थांच्या दंतकथा वर्गात सांगताना



चौथीच्या परिसर अभ्यासात (भाग २, शिवछत्रपती) संतांच्या कामगिरीचा पाठ आहे. त्यात समर्थ रामदासांची माहिती थोडक्यात येते. पण आपल्या सातारा-सांगली भागातल्या मुलांना समर्थ पुस्तकाच्या आधीच भेटलेले असतात. कुणी शनिवारी आजीबरोबर मारुतीला तेल घालायला जातं, कुणी दासनवमीला सज्जनगडावर जाऊन आलेलं असतं, कुणाला संध्याकाळचं भीमरूपी स्तोत्र तोंडपाठ असतं. त्यामुळे पाठ सुरू केला की मुलंच आपल्याला गोष्टी सांगायला लागतात. आणि मग एक प्रश्न येतो, "बाई, हे खरं आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं होतं. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

काय झालं होतं

माझं माहेर कऱ्हाड तालुक्यातलं, नोकरी वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. २०१९ चा महापूर ओसरून शाळा पुन्हा भरली होती. भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. संतांचा पाठ आला म्हणून मी जवळच्याच बहे गावच्या रामलिंग बेटाची गोष्ट सांगितली. रामचंद्र इथे शिवलिंगाची पूजा करत बसले होते. कृष्णेला अचानक पूर आला. मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं, नदी दोन बाजूंनी वाहू लागली आणि मधे बेट तयार झालं. बाहूंवरून गावाचं नाव बहे पडलं. पुढे समर्थांनी तिथे मारुती स्थापन केला. गोष्ट मी अगदी रंगवून सांगितली, जणू मी स्वतः तिथे उभी होते.

एका मुलाने विचारलं, "मग बाई, आमच्या घरात पाणी कसं आलं?"

त्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं. मला उत्तर सुचेना. घाईत मी म्हणून गेले, "अरे, या नुसत्या गोष्टी असतात. खरं काही नसतं."

दोन दिवसांनी त्याची आजी शाळेत आली. भांडायला नव्हे, पण दुखावलेली होती. "मी काय पोराला खोटं सांगते व्हय, बाई?" असं तिने विचारलं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, तुम्ही त्याला गोष्ट कशी सांगता ते मलाही सांगा. तिने सांगितली. गोष्ट तीच होती, पण दर वाक्याच्या शेवटी एक शब्द होता, तो माझ्या सांगण्यात नव्हता. "रामराया पूजंला बसलं हुतं म्हणं. पाणी चढाय लागलं म्हणं. मारुतीरायानं हात आडवं घातलं म्हणं."

'म्हणं', म्हणजे आपलं 'म्हणे'. मी पाहिलेलं नाही, माझ्या आधीच्यांनी सांगितलं, ते मी तुला सांगते, एवढं सगळं त्या एका शब्दात असतं. मग मी तिला नातवाचा प्रश्न विचारला. ती सहज म्हणाली, "पाणी आलं तवा आमी काय देवळात बसलो व्हय? टेंपो केला आन् पावण्याकडं गेलो की."

चूक माझीच होती. आधी मी 'म्हणे' गाळून दंतकथेचा इतिहास केला आणि अडचण आल्यावर तिला खोटी ठरवून मोकळी झाले. आजीने यातलं काहीच केलं नव्हतं. तिची श्रद्धाही शाबूत होती आणि पुरात काय करायचं तेही तिला नीट कळत होतं.

अकरा मारुती कुठे आहेत?

आता विषयाकडे वळू या. समर्थांचं मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. जन्म १६०८ साली, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी. परंपरेप्रमाणे नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षं तप, त्यानंतर बारा वर्षं देशभर पायी तीर्थाटन आणि मग १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. हा भाग तेव्हा आदिलशाहीत होता. १६३० च्या आसपासच्या भयंकर दुष्काळाला अजून पंधरा वर्षंही झाली नव्हती. अशा काळात त्यांनी या खोऱ्यात गावोगाव मारुती बसवले. त्यांपैकी अकरा प्रसिद्ध आहेत. रूढ यादी अशी आहे :

१. शहापूर (सातारा) – शके १५६६
२. मसूर (सातारा) – शके १५६७
३. चाफळ, दास मारुती (सातारा) – शके १५७०
४. चाफळ, प्रताप किंवा वीर मारुती (सातारा) – शके १५७०
५. उंब्रज (सातारा) – शके १५७१
६. शिंगणवाडी (सातारा) – शके १५७१
७. माजगाव (सातारा) – शके १५७१
८. बहे-बोरगाव (सांगली) – शके १५७३
९. मनपाडळे (कोल्हापूर) – शके १५७३
१०. पारगाव (कोल्हापूर) – शके १५७४
११. बत्तीस शिराळा (सांगली) – शके १५७६

म्हणजे सात साताऱ्यात, दोन सांगलीत, दोन कोल्हापुरात. नकाशावर ठिपके काढून घेतले की मुलांच्या लगेच लक्षात येतं की हे सगळं कृष्णा आणि वारणा यांच्या खोऱ्यातच आहे.

या यादीतून गणिताचाही एक तास निघतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १५६६ + ७८ = १६४४. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं आणि इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीसाठी ७९ मिळवावे लागतात. समर्थांचं निर्वाण माघ वद्य नवमी, शके १६०३ चं. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून १६०३ + ७९ = १६८२. काही ठिकाणी १६८१ छापलेलं दिसतं, त्याचं कारण बहुधा हेच. एकाच घटनेची दोन साली पुस्तकांत का दिसतात, हे मुलं स्वतः शोधून काढतात तेव्हा त्यांना फार मजा वाटते.

तीन टोपल्या

त्या आजीच्या भेटीनंतर मी वर्गात एक साधी पद्धत सुरू केली. फळ्यावर तीन टोपल्या काढायच्या. पहिली, 'पाहता येतं'. दुसरी, 'लिहिलेलं आहे'. तिसरी, 'म्हणे'. एकेक गोष्ट घ्यायची, तिची वाक्यं सुटी करायची आणि प्रत्येक वाक्य कोणत्या टोपलीत जातं ते मुलांनी सांगायचं. चार उदाहरणं देते.

*उंब्रज.* समर्थ चाफळहून कृष्णेच्या स्नानाला उंब्रजला येत. एकदा ते पाण्यात वाहून जाऊ लागले, तेव्हा मारुतीने हात देऊन वाचवलं, म्हणून त्यांनी इथे मारुती बसवला. वाहून जाणं आणि हात देणं ही वाक्यं 'म्हणे' टोपलीत. पण मूर्ती पाहता येते. ती चुना, वाळू आणि ताग यांची आहे. शहापूरच्या मारुतीलाही चुन्याचा मारुती म्हणतात. इथे मुलांना विचारा, दगड सोडून चुना का घेतला असेल? मुलं आपापली कारणं सांगतात. पाथरवट मिळाला नसेल, पैसे नसतील, लवकर करायचं असेल. यातलं एकही उत्तर मी बरोबर किंवा चूक म्हणत नाही. 'असेल' हा शब्द वापरला का, एवढंच पाहते. 'म्हणे' जसा ऐकीव गोष्टीचा शब्द, तसा 'असेल' हा अंदाजाचा.

*माजगाव.* गावाच्या वेशीवर घोड्याच्या आकाराचा एक दगड होता आणि गावकरी त्यालाच मारुती म्हणून पुजत. गावकऱ्यांच्या विनंतीवरून समर्थांनी त्यावर मारुती कोरून घेतला आणि प्रतिष्ठा केली असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण हिच्यात चमत्कार नाही. गावाची भक्ती आधीपासून होती, संत नंतर आले, असं ती सांगते. मारुतीचं देऊळ बांधायला फार खर्च लागत नाही. शेंदूर, तेल, रुईच्या पानांची माळ, झालं. गावाच्या वेशीवर मारुती आणि शेजारी तालीम हे चित्र आपल्याकडे अजूनही दिसतं.

*शहापूर.* इथल्या बाजीपंत कुलकर्ण्यांना हिशेबाच्या घोळावरून विजापूरला धरून नेलं. समर्थ दासोपंत नावाच्या कारकुनाचं रूप घेऊन तिथे गेले, हिशेब चोख करून दिला आणि त्यांना सोडवून आणलं. ही सांगून झाली की मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सांगा. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी खुली केली, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन बादशहाकडे रक्कम भरली अशी ती कथा आहे. दोन्ही गोष्टी ऐकल्यावर मुलं आपणहून म्हणतात, "बाई, सारखीच गोष्ट आहे!" साधू जसा फिरतो, तशा गोष्टीही गावोगाव फिरतात. नाव बदलतं, गाव बदलतं, भीती मात्र तीच राहते. वरून हिशेब मागणारा माणूस आला, तर आपल्या बाजूने कोण उभं राहील? साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या खेड्यात लोक कशाला भीत होते, ते या दंतकथेतून कळतं. म्हणून 'म्हणे' टोपलीतलं सगळं टाकाऊ नसतं.

*बत्तीस शिराळा.* इथल्या देवळाला झरोके आहेत आणि उगवतीचा-मावळतीचा प्रकाश त्यांतून मूर्तीच्या मुखावर पडतो असं सांगतात. हे वाक्य सुरुवातीला 'म्हणे' टोपलीत ठेवा. मग मुलांना विचारा, हे पहिल्या टोपलीत कसं आणता येईल? उत्तर सोपं आहे, पहाटे उठून जायचं आणि पाहायचं. पूर्व-पश्चिम दिशा, वर्षभरात सूर्य उगवण्याची जागा कशी सरकते, हा भूगोलही इथेच शिकवून होतो.

दुसऱ्या टोपलीत काय जातं?

'लिहिलेलं आहे' ही टोपली मुलांना अवघड जाते आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. लिहिलेलं म्हणजे खरंच, असं नसतं. कधी लिहिलं आणि कुणी लिहिलं, ते पाहावं लागतं. समर्थांचे स्वतःचे ग्रंथ आहेत. दासबोधात वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास, म्हणजे एकूण दोनशे. गिरिधरस्वामींसारखे शिष्यपरंपरेतले लेखक आहेत. हनुमंतस्वामींची बखर मात्र निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून जुनी हस्तलिखितं जमवली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपून ठेवलेली आहेत. हे काम झालं नसतं, तर आज दुसरी टोपली बरीच रिकामी राहिली असती.

इथे एक नाजूक जागा येते, ती टाळू नका. शिंगणवाडीला शके १५७१ मध्ये, म्हणजे १६४९ साली, शिवाजी महाराज आणि समर्थांची भेट झाली असं संप्रदायाची परंपरा सांगते. १६७२ मधल्या एका पत्राच्या आधारे दुसरे अभ्यासक ही भेट त्या सुमाराची मानतात आणि आधीचा संबंध नाकारतात. यावरून मोठ्यांमध्ये कडाक्याचे वाद आहेत आणि ते वाद घराघरांतून वर्गात येतात. मी मुलांना दोन्ही बाजू सांगते आणि ठाम विधान पुस्तकात आहे तेवढंच ठेवते. एकदा एका पालकांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" मी म्हटलं, "मी चौथीच्या बाजूची." तेही हसले आणि मीही.

सगळ्या गोष्टी सगळ्यांना सांगायच्या का?

नाही. मिरजेला वेणास्वामींचा मठ आहे. वेणाबाई लहानपणीच विधवा झाल्या, समर्थांच्या शिष्या झाल्या, कीर्तन करू लागल्या, सीतास्वयंवर हे काव्य त्यांनी लिहिलं. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे. बाई उभी राहून कीर्तन करते, ही त्या काळात किती मोठी गोष्ट! पण त्यांच्याबद्दल एक दंतकथाही आहे. लोकापवादाला भिऊन घरच्यांनीच त्यांना विष दिलं आणि समर्थांनी त्यांना वाचवलं, अशी ती आहे. चौथीच्या मुलांना मी विषाचा भाग सांगत नाही. मठ, समाधी, काव्य आणि कीर्तन एवढंच सांगते. पण शिक्षकांनी आणि पालकांनी ही कथा माहीत करून घ्यावी असं मला वाटतं. घराबाहेर पडणाऱ्या बाईला काय सोसावं लागत होतं, ते लोकांनी या 'म्हणे'मधून सांगून ठेवलं आहे. सातवी-आठवीच्या मुलींशी यावर जरूर बोला.

पुन्हा बहे बेटाकडे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. दुसऱ्या आठवड्यात मी तोच तास पुन्हा घेतला. मुलाच्या आजीला वर्गात बोलावलं. तिने तिच्या पद्धतीने गोष्ट सांगितली. मुलांना एक काम दिलं होतं, 'म्हणं' किती वेळा आलं ते बोटांवर मोजायचं. दोन्ही हातांची बोटं संपली, वर्ग हसला, आजीही हसली.

मग टोपल्या भरल्या. बेट आहे, नदी दोन बाजूंनी वाहते, देऊळ आहे, पावसाळ्यात पाणी वाढलं की बेट बुडतं. हे पहिल्या टोपलीत. दुसऱ्या टोपलीत आम्ही आकडे टाकले. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मारुतीने बाहू पसरले, हे तिसऱ्या टोपलीत.

तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, म्हणजे तवा पण पूर येत हुता."

मला जे शिकवायचं होतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. बहेची गोष्ट असो की उंब्रजची, दोन्हींच्या पोटात पूरच आहे. कृष्णा अचानक चढते, भल्या माणसालाही ओढून नेते, हे इथल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं आणि त्यांनी ते गोष्टीत बांधून ठेवलं. मारुती येऊन पाणी अडवेल असं ती गोष्ट आपल्याला वचन देत नाही. या नदीला मान द्या, एवढं ती नक्की सांगते. म्हणून माझ्या वर्गात या पाठानंतर पूरसुरक्षेचा तास असतो. कोयनेतून पाणी सोडल्याची सूचना आली की नदीकडे जायचं नाही, पाणी पाहायला पुलावर उभं राहायचं नाही, दप्तर आणि कागदपत्रं वरच्या फळीवर ठेवायची, मोठ्यांनी निघायला सांगितलं की निघायचं.

करून पाहा

शिक्षकांसाठी : गावातल्या कोणत्याही देवळाची एक गोष्ट निवडा आणि ती आजी-आजोबांकडूनच वर्गात सांगून घ्या. ती शुद्ध भाषेत लिहून घेताना 'म्हणे' काढून टाकू नका. मग तीन टोपल्या भरा. हा एकच उपक्रम भाषा, इतिहास आणि भूगोल तिन्ही विषयांना चालतो आणि खर्च काहीच नाही.

पालकांसाठी : मुलाने "हे खरं आहे का?" विचारलं तर रागावू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. "मला माझ्या आईने असं सांगितलं" असं उत्तर द्या. ते खरं उत्तर आहे. "तुला काय वाटतं?" असं नंतर विचारा. मुलाचा देव त्यामुळे पळून जात नाही आणि त्याची बुद्धीही झोपत नाही.

तो मुलगा आता हायस्कूलला आहे. मध्यंतरी बाजारात आजी भेटली. म्हणाली, "नातू मला आता गोष्ट सांगू देत न्हाई, बाई. मधीच इचारतो, आज्जे, ह्ये बघितल्यालं का ऐकल्यालं?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणता?"

"ऐकल्यालं म्हणते. मंग म्हणतो, सांग फुडं."